पोटरीतून सुटलेली गुठळी

1940 च्या सप्टेंबरपासून लंडनवर रात्रीमागून रात्र जर्मन बॉम्ब पडत होते. जीव वाचवायला माणसं निवाऱ्यांत शिरत आणि कापडी घडीच्या खुर्च्यांत बसूनच रात्र काढत. त्यांतले काही जण अचानक कोसळून दगावत. अंगावर जखम नसे.

शवविच्छेदनतज्ज्ञ कीथ सिम्प्सन यांनी कारण हुडकलं आणि त्याच वर्षी ‘द लॅन्सेट’मध्ये मांडलं. खुर्चीची पुढची लाकडी पट्टी मांडीखाली रुतून शिरा दाबत होती. बसायला खुर्च्या नकोत, झोपायला बंक हवेत, असा त्यांचा आग्रह होता.

पायातलं रक्त वर चढतं ते मुख्यतः पोटरीच्या स्नायूंच्या रेट्याने. तासन् तास हालचाल नसली की खोल शिरांत ते साकळतं, गुठळी धरते. ती सुटली तर हृदयाच्या उजव्या बाजूने जाऊन फुप्फुसाच्या धमनीत अडकते.

मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, लांबचा प्रवास यांनंतर आजही हा धोका वाढतो. एकाच पायाला सूज, अचानक धाप, श्वास घेताना छातीत कळ, यांपैकी काहीही जाणवलं तर पाय चोळत बसू नये. तातडीने रुग्णालय गाठावं. रक्त गोठू न देणारी औषधं वेळेत मिळाली तर गुठळी वाढत नाही आणि शरीर ती हळूहळू विरघळवतं.