सराटा आणि सायकल

पाऊस उघडला की माजलगावच्या शिवारात सराटा वाळायला लागतो. आषाढ-श्रावणात बांधावर, कालव्याच्या भरावावर, शाळेच्या मैदानाच्या कडेला पिवळ्या बारीक फुलांची ही वेल जमिनीलगत पसरते. दिवाळीच्या सुमाराला तिची फळं तडकतात. एका फळाचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन मोठे ताठ काटे असतात. तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर तोंड करूनच राहतो. वैद्यांच्या दशमुळात गोखरू म्हणून मान असलेला हा सराटा सायकलवाल्याला मात्र नको नको करून सोडतो. एका वाटेवर चार-पाच काटे सहज लागतात, आणि पंक्चरवाला पैसे घेतो ते दर भोकामागे.

हाच सराटा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पोचला आणि पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत माजला. तिथे त्याला ‘पंक्चरव्हाइन’ असंच नाव पडलं. 1961 मध्ये तिथे त्याच्यावर दोन जातींचे सोंडकिडे सोडले. एक बी खातो, दुसरा खोड पोखरतो, आणि दोघांच्या मूळ मुलखांत भारतही येतो. उलट आपल्याकडची वेडी बाभूळ अमेरिका खंडातून आलेली. फिटंफाट झाली म्हणायची! ट्यूबमध्ये आधीच भोक बुजवणारं लिक्विड भरून ठेवायची पद्धत तिकडे लोकप्रिय झाली, त्यात या काट्याचा वाटा मोठा आहे. 1989 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ‘स्लाइम’चं हिरवं लिक्विड आज जगभर विकलं जातं. माजलगावच्या काट्यावरचा उपाय असा सातासमुद्रापलीकडून आला.

हे लिक्विड दोन तऱ्हेचं असतं. पहिल्यात ग्लायकॉलसारख्या, लवकर न सुकणाऱ्या द्रवात बारीक तंतू आणि रबराचे कण मिसळलेले असतात. दुसऱ्यात रबराचा चीकच असतो. दोडामार्गकडच्या रबराच्या बागांत झाडाला चीर दिल्यावर वाटीत जमतो तोच पांढरा चीक. तो गोठू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात, त्यामुळे बाटली उघडली की नाकात झणका जातो. चाक फिरतं तसं लिक्विड आतून रस्त्याकडच्या अंगाला पसरून राहतं. काटा निघाला की हवा भोकाकडे धावते, लिक्विडही तिच्याबरोबर ओढलं जातं, तंतू भोकात अडकतात, त्यांच्यामागे कण साचतात आणि बूच बसतं. चिकाचं लिक्विड असेल तर तिथेच गोठून रबर होतं. भोक वाटेतच लक्षात आलं तर काटा उपटायचा, ती बाजू खाली येईल असं चाक धरायचं आणि मग थोडं फिरवायचं. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

बऱ्याच महागड्या सायकलींना ट्यूबच नसते. तिथे बहुधा चिकाचं लिक्विड वापरतात. पण माजलगावात दिसते ती दूधवाल्याची, शाळेच्या पोरांची ट्यूबवाली सायकल. तिच्यासाठी मी ग्लायकॉलचंच सुचवीन. चीक उन्हाने सुकतो, आणि मराठवाड्यातला वैशाख त्याला फार दिवस पातळ राहू देणार नाही.

भरणं अगदी सोपं आहे. जुन्या धर्तीच्या व्हॉल्व्हची चकती फिरवून काढली की रबरी नळी चढवलेली पिन हातात येते आणि मागे चांगलं रुंद भोक उरतं. दर चाकाला साधारण 100 ते 120 मिली पुरतं. हवा भरताना व्हॉल्व्ह अगदी तळाशी ठेवायचा नाही, नाहीतर लिक्विड नळीत चढून चिकटतं आणि पंप कितीही मारला तरी हवा आत जात नाही. तसं झालंच तर नळी बदलायची. ती चिल्लरीत मिळते.

आता याच्या मर्यादा. खिळ्याने फाडलेलं, काचेने चिरलेलं किंवा टायरच्या बगलेत झालेलं भोक लिक्विडने बुजत नाही. हवा कमी असताना खड्ड्यात आपटून रिम ट्यूबला चावते, तिथेही काही चालत नाही. मग पंक्चरवाल्याकडेच जायचं. आणि लिक्विडवाली ट्यूब पाहून तो कुरकुरतो ते उगाच नाही. एरवी ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवायची, बुडबुडे दिसतील तिथे खूण करायची, कानशीने घासून सोल्यूशन लावायचं, जरा सुकू देऊन ठिगळ ठोकायचं, असं त्याचं काम ठरलेलं. लिक्विड भरलेल्या ट्यूबला भोकाभोवती चिकटा येतो. तो फडक्याने नीट पुसून कोरडा केल्याशिवाय ठिगळ धरत नाही. मग टायरच्या आतून बोट फिरवून काट्यांची मोडलेली टोकं शोधायची. हे काम लिक्विड असो नसो, टळत नाही. टोक राहिलं तर ते आतून टोचतच राहतं.

आधीच दहा ठिगळं असलेल्या ट्यूबमध्ये लिक्विड ओतणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. नव्या ट्यूबमध्ये मात्र ते फायद्याचं ठरतं. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. पंक्चर झालं की मुलीचा शाळेचा दिवस बुडतो, कारण गावात पंक्चरचं दुकान असेलच असं नाही. सायकल घेतानाच दुकानदाराकडून दोन्ही चाकांत लिक्विड भरून घ्यावं, आणि एकेक बाटली घेण्यापेक्षा चार घरांनी मिळून मोठा डबा आणावा. दोनेक वर्षांनी ते दाट होतं. तेव्हा ट्यूबच बदलून नव्याने भरायचं, तेही सराटा वाळायच्या आत.