लॅटिनची ओळख : रूप कर्मणी, अर्थ कर्तरी

कोडोलीतल्या कुठल्याही दवाखान्यात सकाळी डोकावले की 'पेशंट' हा शब्द कानावर पडतोच. पन्हाळा तालुक्यातल्या या गावात तो इंग्रजीतून आला, पण त्याचे मूळ लॅटिन आहे. 'पातिओर' म्हणजे 'मी सोसतो' आणि 'पातिएन्स' म्हणजे सोसणारा. हे 'पातिओर' एका विलक्षण घराण्यातले क्रियापद आहे.

लॅटिनमध्ये 'आमात' म्हणजे 'तो प्रेम करतो', तर 'आमातुर' म्हणजे 'त्याच्यावर प्रेम केले जाते'. शेवटचा 'उर' ही कर्मणीची खूण. या हिशेबाने 'पातितुर'चा अर्थ 'त्याला सोसले जाते' असा व्हायला हवा. तसा तो होत नाही. 'तो सोसतो' असाच होतो.

अशा क्रियापदांना 'डिपोनंट' म्हणतात. 'डेपोनेरे' म्हणजे खाली ठेवणे. या क्रियापदांनी कर्मणी अर्थ उतरवून ठेवला आणि रूप तेवढे राहिले, अशी जुन्या व्याकरणकारांची समजूत होती. भाषांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो, आणि तो संस्कृत शिकलेल्या मराठी वाचकाला चटकन उमगावा. संस्कृतात 'गच्छति' परस्मैपदी, 'लभते' आत्मनेपदी. 'लभते'चे रूप वेगळे असले तरी अर्थ कर्तरीच. लॅटिनचे डिपोनंट हे याच जुन्या आत्मनेपदाचे वारसदार. पुरावा हवा असेल तर 'मरतो' या अर्थाची दोन रूपे शेजारी ठेवावीत : संस्कृत 'म्रियते', लॅटिन 'मोरितुर'. धातू एकच. वेदातले 'सचते' आणि लॅटिन 'सेक्वितुर' (तो मागोमाग जातो) हीसुद्धा सख्खी भावंडे. तेव्हा उतरवून ठेवायला कर्मणी अर्थ मुळात नव्हताच.

आता 'बोलणे' हे क्रियापद चालवून पाहू. वर्तमानकाळ असा : लोक्वोर (मी बोलतो), लोक्वेरिस (तू बोलतोस), लोक्वितुर (तो बोलतो), लोक्विमुर (आम्ही बोलतो), लोक्विमिनी (तुम्ही बोलता), लोक्वुन्तुर (ते बोलतात). 'बोलणे' या भाववाचक रूपासाठी 'लोक्वी'.

भूतकाळात खरी गंमत आहे. पुरुष म्हणतो 'लोकूतुस सुम', स्त्री म्हणते 'लोकूता सुम'. धातुसाधित कर्त्याचे लिंग घेते, अगदी 'मी बोललो', 'मी बोलले' यांसारखे. कोल्हापूरकडच्या बायका मात्र सहज 'मी बोललो', 'मी आलो' म्हणतात. तिथे हा लिंगभेद गळून पडतो. लॅटिनने ती मोकळीक दिली नाही.

रूप आणि अर्थ यांची फारकत मराठीलाही नवी नाही. 'तिने गोष्ट सांगितली' असे आपण म्हणतो; पण 'तिने गोष्ट विसरली' नव्हे, 'ती गोष्ट विसरली'. कर्म समोर असूनही 'ने' लागत नाही आणि क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. 'तो धडा शिकला', 'ती पाणी प्याली' यांचेही तेच. लॅटिनचा आणि मराठीचा प्रकार एक नाही, पण 'विसरणे' लॅटिनमध्येही डिपोनंट निघावे, 'ओब्लिविस्कितुर', हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

अभ्यास करताना एक पथ्य पाळावे : कोष्टकातल्या प्रत्येक रूपाशेजारी मराठी अर्थ कर्तरीतच लिहावा. पुढच्या भागात 'आउदेओ', म्हणजे 'मी धजतो'. ते वर्तमानकाळात साधे चालते आणि भूतकाळात डिपोनंट होते.