फासे शकुनीचे, पाऊस आमचा

आमच्या छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे जुन्या मंडळींच्या औरंगाबादची, पावसाविषयी एकच तक्रार ठरलेली : तो येत नाही! नळाची वाट पाहत पिंपे भरून ठेवण्यात आमच्या पिढ्या गेल्या. २०१६ साली शेजारच्या लातूरला तर मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले.

त्याच मराठवाड्यात २०२५ च्या सप्टेंबरात माणसे बोटींतून काढावी लागली. जायकवाडीतून दोन लाख क्युसेकहून अधिक पाणी सुटले, पैठणकरांनी घरे सोडली, आणि हाताशी आलेले सोयाबीन शेतातच कुजले. "कलियुग, दुसरे काय!" आमच्या शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले. मला हे पटेना. सगळे दैवावर घातले, की जाब कोणाला विचारायचा?

शास्त्रज्ञांना विचाराल, "हा पाऊस माणसाने पाडला काय?" तर ते सरळ 'हो' म्हणणार नाहीत. मुसळधार पाऊस पूर्वीही होताच. पण शकुनीचे फासे आठवा. एकदा हवे ते दान पडले तर योगायोग म्हणू; पडतच राहिले, तर फासे तपासायला नकोत?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दाने मोजली. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले, असे त्यांनी २०१७ साली दाखवले. एकूण पाऊस मात्र वाढला नाही, ही त्यातली कडवट गंमत! कारण समजायला सोपे आहे. कोळसा नि तेल जाळून आपण हवा तापवली. ती एका अंशाने तापली, की सुमारे सात टक्के अधिक वाफ धरते. तिकडे अरबी समुद्रही तापलेला; तो वाफ पुरवतो, आणि ती एकदमच कोसळते.

एखाद्या विशिष्ट पावसाचीही चौकशी होते बरे का. संगणकात दोन पृथ्व्या मांडतात, एक आजची, दुसरी धुराड्यांपूर्वीची, आणि दोहोंतला पाऊस ताडून पाहतात. २०२४ च्या जुलैत केरळात वायनाडचा डोंगर खचला. तो पाऊस तापमानवाढीमुळे सुमारे दहा टक्क्यांनी वाढला होता, असा निष्कर्ष निघाला. दहाच टक्के? पण काठोकाठ भरलेल्या धरणाला तेवढेच भारी पडतात.

जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. तेव्हाच्या इंजिनियरांपुढे त्याआधीच्याच पावसाच्या नोंदी होत्या. दुसऱ्या असणार कुठून? आता पुलांच्या कमानी, शहरातले नाले आणि खाम नदीकाठची वस्ती, सगळ्यांचे माप नव्याने घ्यावे लागेल.