कृत्रिम प्रतिसाद आणि मराठी नामे

वेब-ॲपची दोन अंगे असतात. वापरणाऱ्याच्या फोनवर वा संगणकावर चालणारे ते क्लायंट, आणि दूर राहून माहिती सांभाळणारे व मागणीनुसार ती पुरविणारे ते सर्व्हर. क्लायंट विचारणा करतो, सर्व्हर उत्तर देतो, आणि त्या उत्तराचा अर्थ लावून क्लायंट पडद्यावर काही दाखवितो. हा अर्थ बिनचूक लावला जातो की नाही हे तपासावयाचे असल्यास खऱ्या सर्व्हरवर विसंबणे सोयीचे नसते. तो बिघडला असता क्लायंट कसा वागेल हे पाहण्यासाठी तो बिघडण्याची वाट पाहत बसता येत नाही. यास्तव विचारणा वाटेतच अडवून तिला आधी लिहून ठेवलेले उत्तर देण्याची पद्धत रूढ झाली आहे. असे उत्तर म्हणजे कृत्रिम प्रतिसाद होय.

व्यवहारात यास सरसकट ‘मॉक’ म्हणतात. जेरार्ड मेसझारोस यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मात्र भेद केला आहे : ठरलेले उत्तर देऊन थांबतो तो ‘स्टब’, आणि आपल्याकडे अपेक्षित तीच विचारणा आली की नाही याचीही पडताळणी करतो तो ‘मॉक’. पुढील विवेचनात मुख्यतः पहिला अर्थ अभिप्रेत आहे.

उदाहरणार्थ वाशीम जिल्हा घेऊ. शेतकऱ्याने स्वतःच पिकाची नोंद करावी यासाठी ई-पीक पाहणी ही योजना १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झाली. अशी नोंद सातबाऱ्यावर येते, आणि पीककर्ज, पीकविमा वा हमीभावाने विक्री अशा प्रसंगी तिचा आधार घेतला जातो. त्या ॲपची अंतर्गत चाचणी कशी होते हा येथील विषय नव्हे. अशा प्रकारच्या कोणत्याही ॲपसाठी कृत्रिम प्रतिसाद कसे असावेत एवढाच प्रश्न आहे.

सामान्यतः चाचणीसाठी सुटसुटीत नावे घेतली जातात आणि चाचणी उत्तीर्ण होते. प्रत्यक्षातील नामे तितकी सुटसुटीत नसतात. जिल्ह्याचे नाव ‘वाशीम’ व ‘वाशिम’ असे दोन्ही प्रकारे लिहिलेले आढळते. मालेगाव हा या जिल्ह्यातील तालुका, तसाच नाशिक जिल्ह्यातीलही. कारंजा नावाचा तालुका वर्धा जिल्ह्यातही आहे. म्हणून केवळ नावावरून तालुका ओळखणारा क्लायंट शेतकऱ्याला भलत्याच जिल्ह्यात नेऊन ठेवील. कृत्रिम प्रतिसादात ही दोन्ही मालेगावे शेजारी शेजारी ठेवली, तर हा दोष पहिल्याच दिवशी उघडा पडतो.

याहून सूक्ष्म दोष लिपीचा. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येते. एका रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर व हलन्त येते आणि एकूण ८ चिन्हे होतात. दुसरीत साधा ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह येऊन ९ होतात. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात; परंतु संगणकाच्या लेखी ती भिन्न असतात, आणि युनिकोडच्या नेहमीच्या प्रमाणीकरणानेही ती एक होत नाहीत. परिणामी नाव अचूक टंकित करूनही खातेदार ‘सापडला नाही’ असे उत्तर मिळू शकते. डोळ्यांना हा दोष दिसणे अशक्य. दोन्ही रूपे असलेला प्रतिसादच तो दाखवू शकतो.

प्रतिकूल प्रसंगांचे प्रतिसादही तितकेच अगत्याचे आहेत : रिकामी यादी, ४०४ वा ५०३ ही सूचना, दीर्घ विलंब. सर्वांत घातक प्रसंग म्हणजे सर्व्हरने नोंद करून घेतली, पण पोच वाटेत हरवली. तेव्हा क्लायंट तीच नोंद पुन्हा पाठवितो, आणि एकाच सोयाबीनच्या क्षेत्राची नोंद दुहेरी होण्याचा संभव निर्माण होतो. हा प्रसंग कृत्रिम रीतीने हवा तितक्या वेळा घडवून आणता येतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहेतच. सर्व्हरचे उत्तर बदलले आणि कृत्रिम प्रतिसाद जुनाच राहिला, तर चाचणी उत्तीर्ण होत राहते व ॲप मात्र बंद पडते. म्हणून दोहोंचा मेळ वेळोवेळी घालून पाहावा लागतो. तसेच खऱ्या खातेदारांची माहिती जशीच्या तशी उचलून प्रतिसाद तयार करणे अनुचित होय. नावे कल्पित असावीत, त्यांची घडण मात्र खरी असावी. ती घडण कोणती, हे सांगणे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचे काम आहे, आणि मराठी ॲपच्या चाचणीत त्याचा सहभाग म्हणूनच आवश्यक ठरतो.