दहा आकड्यांचा पत्ता

बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर किंवा कमर्शियल स्ट्रीटवर एखाद्या मोठ्या दुकानात मोज्यांचा एक जोड घेतला, तरी काउंटरवर पहिला प्रश्न पैशांचा नसतो. "मोबाईल नंबर सांगा." आईवडील सांगली-बेळगावहून रात्रभर प्रवास करून मुलाला भेटायला आलेले असतात, मागे रांग लागलेली असते आणि नंबर खणखणीत आवाजात सांगितला जातो. काउंटरवरचा मुलगा तो टिपतो, रांगेतले चार जण ऐकतात. पुढे कर्ज हवे का, प्लॉट हवा का, विमा संपत आला आहे का, असे फोन सुरू होतात. आपण वैतागतो, फोन कापतो, विसरतो. प्रकरण वैतागावरच संपत असते, तर त्यावर या पानावर लिहिण्याचे कारण नव्हते.

पूर्वी मोबाईल कंपनी बदलली की नंबरही बदलायचा. २० जानेवारी २०११ पासून देशभर तोच नंबर ठेवून कंपनी बदलता येऊ लागली आणि जुलै २०१५ पासून दुसऱ्या राज्यात गेले तरी नंबर कायम ठेवण्याची सोय झाली. बदलीच्या नोकरीत असणाऱ्या फौजी कुटुंबांना याचे महत्त्व सांगायला नको. बेळगावात घेतलेला नंबर भटिंड्याला जातो, तिथून तेजपूरला, आणि निवृत्तीनंतर गावी परततो. पण यामुळे नंबर माणसाला कायमचा चिकटला. बँकेचे खाते, आधार, गॅसची नोंदणी, २०१६ पासून यूपीआय, असे सगळे हळूहळू त्याच दहा आकड्यांवर येऊन बसले.

याचा अर्थ कॅडेटना चटकन कळेल. प्रत्येक कॅडेटला एक क्रमांक असतो. मेसच्या यादीत तोच, एमआय रूमच्या वहीत तोच, स्टोअरमधल्या कपड्यांच्या नोंदीत तोच आणि गुणपत्रिकेवरही तोच. यातली एकच वही कोणी पाहिली, तर त्याला फारसे काही कळणार नाही. चारही वह्या एकाच्या हाती पडल्या, तर क्रमांकाला क्रमांक जुळवून हा मुलगा काय खातो, कधी आजारी पडला, त्याच्या बुटाचे माप काय आणि गणितात तो कुठे अडतो, हे तो अर्ध्या तासात मांडून दाखवेल. वह्या वेगवेगळ्या असतात. त्यांना जोडणारा दोरा म्हणजे क्रमांक. बाहेरच्या जगात आपला मोबाईल नंबर हाच तो दोरा आहे. मोज्यांचे दुकान, औषधाचे दुकान, टॅक्सीचे ॲप, कोचिंग क्लास, अपार्टमेंटच्या फाटकावरची पाहुण्यांची नोंद, या सगळ्या आपल्या वह्याच.

आणि वह्या बाहेर पडतात. याच शहरातले उदाहरण घ्या. बिगबास्केट ही घरपोच किराणा देणारी बेंगळुरूची कंपनी. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये उघड झाले की तिच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती चोरांच्या बाजारात विक्रीला लागली आहे. कंपनीने बेंगळुरूच्या सायबर गुन्हे शाखेकडे तक्रार केली. आम्ही कार्डांचे क्रमांक साठवतच नाही, त्यामुळे ते सुरक्षित आहेत, असे तिने सांगितले. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, पण बाहेर काय गेले होते ते पाहा: नाव, मोबाईल नंबर, घरचा पत्ता, ईमेल, जन्मतारीख. पासवर्ड जसेच्या तसे नव्हते, त्यांची गुंतागुंतीची रूपे होती. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये हाच साठा फुकट वाटला गेला. पासवर्ड दोन मिनिटांत बदलता येतो, कार्ड बंद करून आठवड्यात नवे मिळते. जन्मतारीख कशी बदलणार? तरीही बातम्यांत काळजी फक्त कार्डाची होते, हे मला नेहमी उलटे वाटते.

२०२१ मध्ये डॉमिनोजच्या भारतातल्या सुमारे १८ कोटी ऑर्डरींची माहिती फुटली. चोरांनी त्यावर चक्क शोधण्याची सोय करून दिली. कोणाचाही मोबाईल नंबर टाका, त्याने कुठे कुठे पिझ्झा मागवला ते पुढे यायचे. पैशांची माहिती फुटलेली नाही, असे इथेही कंपनीने सांगितले. आता ज्या घरात वडील गणवेशात आहेत त्या घराचा विचार करा. पिझ्झा कॅन्टोन्मेंटच्या फाटकावर मागवलेला असतो, पत्त्यात लाइनचे किंवा क्वार्टरचे नाव असते. तीन वर्षांतले तीन पत्ते एका नंबराखाली लागले, की बदल्यांचा तक्ताच तयार होतो. त्यासाठी कोणाला तिजोरी फोडावी लागत नाही. बहिर्जी नाईकांच्या गोष्टी आपण आवडीने वाचतो. त्यांचे हेरही बाजारातल्या साध्या बोलण्यातूनच माहिती वेचत, असे त्या गोष्टी सांगतात.

नुसता नंबर हातात आला तर आणखी काय कळते? यूपीआयच्या कुठल्याही ॲपमध्ये तो टाकला की बहुधा बँकेत नोंदवलेले पूर्ण नाव दिसते. एक रुपयाही पाठवावा लागत नाही. फोन करणाऱ्याचे नाव सांगणारी ॲप याच्याही पुढे जातात. ती नावे बहुतांशी इतर वापरकर्त्यांनी दिलेल्या माहितीतून तयार होतात. तुमच्या मित्राने तुमचे वडील ज्या नावाने, हुद्द्याने, पलटणीच्या उल्लेखासह लिहून ठेवले असतील, तेच एखाद्या अनोळखी माणसाच्या पडद्यावर झळकू शकते. वडिलांनी आयुष्यभर काळजी घेतली तरी दुसऱ्याच्या फोनमधल्या नोंदीवर त्यांचा ताबा नसतो. जुलै २०२० मध्ये भारतीय लष्कराने आपल्या अधिकाऱ्यांना आणि जवानांना ८९ ॲप काढून टाकायला सांगितली. त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्राम होते, तसेच ट्रूकॉलरही होते. तेव्हा अनेकांना हा अतिरेक वाटला. एका अधिकाऱ्याने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने ती फेटाळली.

शाळकरी मुलांचा यात काय संबंध, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी २०२३ मधली एक बातमी. आर्मी पब्लिक स्कूलच्या विद्यार्थ्यांना अनोळखी नंबरांवरून फोन आणि व्हॉट्सॲप संदेश येत होते. बोलणारा शिक्षक असल्याचे भासवायचा, तुझा नंबर ओळखीच्यांकडूनच मिळाला असे सांगायचा आणि वर्गाच्या नव्या ग्रुपमध्ये घेण्यासाठी एक ओटीपी मागायचा. यामागे पाकिस्तानी हेर असल्याचा संशय होता आणि शाळांना सावध करण्यात आले. मुलांकडून काढायची माहिती वरवर अगदी साधी होती: वडील काय काम करतात, शाळा कधी भरते, शिक्षकांची नावे काय.

तो ओटीपी कशासाठी, हे नीट समजून घ्या. व्हॉट्सॲप कोणत्याही नव्या फोनवर घेता येते. त्या फोनवर तुमचा नंबर टाकला, की कंपनी तुमच्या सिमवर सहा आकडी कोड पाठवते. कोड सांगणारा तोच नंबराचा मालक, एवढीच तिची पडताळणी. तुम्ही कोड सांगितलात की तुमचे खाते समोरच्याच्या फोनवर उघडते. मग तो तुमच्या नावाने ग्रुपवर बोलतो आणि कोणाला शंकाही येत नाही, कारण नंबर ओळखीचा. ग्रुपमध्ये घेण्यासाठी कधीही ओटीपी लागत नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये दुहेरी पडताळणीचा स्वतःचा पिन ठरवता येतो. तो ठरवला असेल तर नुसता कोड चोरून भागत नाही. सुट्टीत घरी गेल्यावर कॅडेटनी हे काम आईच्या फोनवर आधी करावे, कारण शाळेचे बहुतेक निरोप तिच्याच फोनवर येतात.

पालकांच्या ग्रुपबद्दलही सांगायला हवे. ग्रुपमधल्या कोणालाही इतर सर्वांचे नंबर दिसतात. त्यात निवड झालेल्या मुलांची यादी येते: नाव, जन्मतारीख, वडिलांचे नाव आणि नंबर, सगळे एका फोटोत. अभिमानाने ती मामाच्या ग्रुपवर जाते, तिथून कोचिंग क्लासच्या जाहिरातीत. मूल अजून सहावीत आहे आणि त्याच्या नावाची वही बाहेर फिरू लागली. अभिमान असावाच, पण यादीऐवजी मुलाचा गणवेशातला फोटो पाठवला तर तो तसूभरही कमी होत नाही. तोही नेमप्लेटशिवाय.

आता दुकानाच्या काउंटरकडे येऊ. नंबर दिला नाही तर बिल होत नाही, असे सांगितले जाते. ते खरे नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार मंत्रालयाने किरकोळ विक्रेत्यांना कळवले की वस्तू विकण्यासाठी ग्राहकाकडे मोबाईल नंबराचा आग्रह धरू नये. घरपोच माल हवा असेल तर नंबर लागणारच. मोजे हातात घेऊन जायचे असतील तर नाही. तरीही आपण सांगतो, कारण नाही म्हणायला संकोच वाटतो. भीड भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. "नंबर देणार नाही, बिल कागदावर द्या," हे वाक्य शांतपणे, एकदाच म्हणायचे असते. शंभरातल्या नव्वद वेळा काउंटरवरचा मुलगा स्वतःच काहीतरी टाकून पुढे जातो. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. त्याला वरून तसे सांगितलेले असते.

माहिती आपली आहे, हे म्हणण्याचा अधिकार या देशात मिळवून देणाऱ्या खटल्याचे नाव याच शहरातल्या माणसाचे आहे. न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले. २०१२ मध्ये त्यांनी आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा त्यांनी वयाची पंचाऐंशी ओलांडली होती. त्या प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक जण या कायद्याने मूल ठरतो आणि त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. म्हणजे आपल्या शाळेतला जवळजवळ प्रत्येक कॅडेट त्यात येतो. कायद्याचा वचक किती बसतो ते पुढे दिसेल. तोवर काउंटरवरचे "नाही" आपल्याच हातात आहे.

नको असलेल्या फोनांचे म्हणाल, तर १९०९ वर फोन किंवा मेसेज करून जाहिरातींचे फोन बंद करायची नोंद करता येते. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक ठरवले आहेत आणि बँका, विमा कंपन्या यांच्या कामाच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे. साध्या दहा आकडी नंबरावरून कोणी "बँकेतून बोलतोय" म्हणाला, तर फोन ठेवून द्या आणि कार्डामागच्या क्रमांकावर स्वतः विचारा. १९०९ ची नोंद लबाडांना अडवत नाही. ते कुठली नोंद पाहून फोन करत नाहीत. पैसे गेलेच तर मात्र बँकेच्या शाखेत जाण्यासाठी सकाळची वाट पाहू नका, त्याच क्षणी १९३० लावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात सरकत असतो आणि मध्येच अडवता आला तरच मिळतो.

बदलीवर असणाऱ्या पालकांसाठी एक शेवटचे काम. जुने सिम बंद पडू दिले तर तो नंबर कायमचा मरत नाही. किमान नव्वद दिवसांनी कंपनी तो दुसऱ्याला देऊ शकते आणि तुमच्या बँकेचा ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजू लागतो. म्हणून सिम सोडण्यापूर्वी बँक, आधार, यूपीआय, ईमेल, गॅस आणि शाळेच्या कार्यालयातली नोंद, या क्रमाने नवा नंबर लावून घ्या, व्हॉट्सॲपमध्ये 'नंबर बदला' हा पर्याय वापरा, आणि मगच जुने सिम बंद करा. आपल्या नावावर एकूण किती सिम चालू आहेत, हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी सेवेवर पाहता येते. न ओळखणारा नंबर त्या यादीत दिसला, तर तिथूनच तो आपला नसल्याचे कळवता येते.