अक्षरांचा क्रम आणि तांड्यावरचं मूल

तुळजापूर तालुक्यातल्या तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलतं आणि पहिलीत थेट पुस्तकी मराठीच्या मुळाक्षरांपुढे येऊन बसतं. त्याला वाचायला कसं शिकवावं, याचं सर्वांत भरवशाचं उत्तर मला फलटणला सापडतं. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ. १९६१मध्ये त्या भारतात आल्या, फलटणच्या बोलण्यातल्या सामाजिक भेदांवर त्यांनी पीएच.डी. केली आणि मग दलित वस्तीतल्या शाळा सुटलेल्या मुलांना शिकवायला लागल्या. पुढे प्रगत शिक्षण संस्था (१९८४) आणि कमला निंबकर बालभवन (१९८६) उभं राहिलं. संस्थेचा इतिहास एवढा पुरे. गुंतून पडावं अशी आहे ती तिथली वाचनाची पद्धत.

आधी मुळाक्षरं, मग बाराखडी हा आपला रुळलेला क्रम. चौतीस व्यंजनं गुणिले बारा, म्हणजे चारशेवर चिन्हं घोटल्यावर कुठे वाक्य हाती लागतं. फलटणला अक्षरांचे छोटे गट करतात, स्वरचिन्हं त्यांच्याबरोबरच शिकवतात आणि तेवढ्यातूनच शब्द-वाक्यं घडवतात. क, म, ब आणि काना यांत काका, मामा, बाबा, काम बसतात; र आला की ‘बाबा, काम करा’ हे मुलाच्या तोंडचं वाक्य तयार. कुणी म्हणेल, पिढ्यान्‌पिढ्या बाराखडीवरच शिकल्या. शिकल्या खऱ्या, पण बहुतेक त्याच घरांतल्या, जिथे पोथी होती, वर्तमानपत्र येत होतं. पालघरमधल्या वाडा आणि कर्नाटकातल्या यादगीर भागांतल्या मुलांचा पहिलीपासून तिसरीपर्यंत माग घेणारा ‘लिरिल’ अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. अक्षरं घोटूनही अनेक मुलांना साधा मजकूर वाचता येत नाही, हे त्यात स्पष्ट दिसलं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: घरची बोली वर्गात चालवून घेतली तर प्रमाण मराठी यायची कधी? पण ‘व्हतं’ म्हणणारं मूल चुकत नसतं, घरच्या नियमानं बोलत असतं. पहिल्याच दिवशी त्याला गप्प केलं, तर पुढे ते लिहील काय? बोलतं राहिलेलं मूल प्रमाण रूपंही उचलतं, कारण वाचताना ती रोज समोर येतात.

खरी अडचण आहे ती वाचायला देण्याच्या मजकुराची. शिकलेल्या अक्षरांतच बसणाऱ्या, तरी जीव असलेल्या गोष्टी प्रत्येक टप्प्यावर लागतात. राज्यभराच्या एका पाठ्यपुस्तकातून त्या पुरणार नाहीत. शिक्षकालाच लेखक व्हावं लागतं. त्यात दिवाळीच्या सुमारास कित्येक बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. पहिलीचं मूल दुसऱ्या-तिसऱ्या गटावर असतानाच फडावर जातं आणि परततं ते उन्हाळ्याच्या तोंडावर. कोण कुठल्या गटावर थांबलं याची मुलागणिक नोंद हवी. दोन-तीन इयत्ता एकट्यानं सांभाळणाऱ्या शिक्षकानं ती कधी ठेवायची? मजकुरासाठी मात्र मदत जवळच आहे: तुळजापुरात टाटा समाजविज्ञान संस्थेचं आवार १९८०च्या दशकापासून आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी तांड्यावरच्या गोष्टी टिपून घ्याव्यात, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी त्या गटागटांच्या अक्षरांत बसवाव्यात, आणि त्यांच्या छापील प्रती मुलांच्या आधी फडावर पोचाव्यात, एवढी मागणी आजच करता येते.