जुन्या लॅपटॉपचा वास कसा घालवायचा?

गटाचे हिशेब, ऑर्डरी, मुलींचा अभ्यास, सगळ्यालाच आता लॅपटॉप लागतो. नवा परवडत नाही, म्हणून आपण जुना घेतो. घरी आणून उघडला की कधी सिगारेटचा, कधी कुबट, कधी उंदराचा वास येतो. मग कोणी हात लावत नाही आणि बचतीतून घेतलेली वस्तू कपाटात पडून राहते. तसं होऊ नये, म्हणून आज आपण याचे उपाय पाहू.

आधी वास ओळखू या. जळक्या प्लॅस्टिकचा किंवा गोडसर, औषधासारखा उग्र वास येत असेल, टचपॅड वर उचललं असेल, खालची बाजू फुगली असेल, तर ही साफसफाईची बाब नाही. बॅटरी खराब झाली असू शकते. लगेच बंद करा, चार्जर काढा, पुन्हा चार्जिंगला लावू नका. दाबू नका, टोचू नका. जाणकार दुरुस्तीवाल्याला दाखवा. अशी बॅटरी चुलीत किंवा कचऱ्यात टाकायची नाही. ती पेट घेऊ शकते.

बाकीचे वास घरी जाऊ शकतात. धुराचा वास म्हणजे नुसती हवा नव्हे. तंबाखूच्या धुराचा चिकट थर कीबोर्डवर, जाळीत, पंख्यावर बसतो. लॅपटॉप गरम झाला की तोच वास पुन्हा येतो. म्हणून वर अत्तर फवारून उपयोग नाही, थर पुसावा लागतो.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. बॅटरी निघत असेल तर तीही काढा. मऊ सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थोडे थेंब घ्या. दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात किंवा मेडिकलमध्ये विचारून पाहा. फडकं ओलसर हवं, निथळणारं नको. त्याने वरचं झाकण, कीबोर्ड, कडा पुसा. पडद्याला मात्र हे लावायचं नाही. तो कोरड्या मऊ कापडाने हळू पुसायचा. लॅपटॉपवर थेट काहीही ओतू किंवा फवारू नका. हे द्रव्य पेट घेतं, म्हणून चूल, गॅस, दिवा जवळ नको. खिडकी उघडी ठेवा. हात धुवायचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन असेल तर चिकटपणा राहतो. फिनाईल तर नकोच.

पुसून पूर्ण वाळलं, की झाकणाचा मोठा डबा घ्या. त्यात उघडा लॅपटॉप ठेवा आणि शेजारी वाटीत खायचा सोडा. धुण्याचा सोडा नव्हे बरं का! सोडा लॅपटॉपवर सांडू नये. कोळशाचे तुकडे कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवले तरी चालतील. तीन-चार दिवस डबा बंद ठेवा. वास राहिला तर सोडा बदलून पुन्हा ठेवा. कुबट वास असेल तर आधी दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवा. कडक उन्हात नको, बॅटरी आणि पडदा खराब होतो. पिशवीचाही वास असतो, ती धुऊन उन्हात वाळवा.

उंदराच्या लेंड्या किंवा मूत दिसलं तर हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधल्याशिवाय हात लावू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार पसरतो. आतली घाण असेल तर दुरुस्तीवाल्याकडूनच उघडून घ्या. पंख्यातली धूळही त्यालाच काढू द्या. त्याच खेपेला थंडाव्याचं काम होऊन लॅपटॉप कमी तापेल.

आणि पुढच्या वेळी खरेदी करताना एवढं करा: लॅपटॉप चार्जरला लावून पंधरा-वीस मिनिटं चालवून बघा. गरम झाला की जाळीजवळ नाक नेऊन वास घ्या. थंड लॅपटॉपचा वास कळत नाही. आपण भाजी हातात घेऊन, हुंगून घेतो ना? मग गटाच्या पैशाने घेतलेली वस्तूही तशीच पारखून घेऊ या.